साथीदाराचा भाव कोण ठरवणार?

सणासुदीच्या अंकात कोणाशी भांडू नये, असा एक संकेत आहे. घरोघरी फराळाची ताटे फिरत असतात, मंडळी प्रसन्न असतात, आणि अशा वेळी कोणी कपाळाला आठ्या घालून दारात उभा राहिला की यजमानाची पंचाईत होते. हे सारे मला मान्य आहे. तरीही मी आज भांडायला आलो आहे, आणि तेही अशा विषयावर की, तो ऐकताच निम्मे वाचक पान उलटतील. माझे भांडण आहे मोबाईलवरील खेळातल्या साथीदार पात्रांचा भाव ठरवणाऱ्या परीक्षकांशी. पान उलटण्यापूर्वी एवढेच विचारतो: तुमच्या घरात पंधरा ते पंचवीस वयाचे कोणी आहे काय? असेल, तर हे भांडण केव्हाच तुमच्या माजघरात येऊन बसले आहे. तुम्हांला त्याची भाषा कळत नाही, इतकेच.

भाषा अवघड नाही. खेळाचे नाव होनकाई: स्टार रेल. शांघायच्या मिहोयो कंपनीने तो २६ एप्रिल २०२३ रोजी जगापुढे आणला. एक आगगाडी आकाशातून ग्रहाग्रहांवर फिरते, मुक्कामामुक्कामाला काही संकट उभे असते, आणि तुमचे चार गडी त्याच्याशी लढतात. लढाई हातघाईची नव्हे, पाळीपाळीची. बुद्धिबळात एकाआड एक खेळी ठरलेली असते. इथे ज्याचा वेग अधिक, त्याची पाळी आधी. दहा हजारांना गड्याच्या वेगाने भागले की त्याला किती थांबायचे ते कळते. वेग १०० असेल तर तो १०० मात्रा थांबेल, १२५ असेल तर ८०. ‘मात्रा’ हा शब्द माझा, पण हिशेब खेळाचाच.

या चार गड्यांत कोणी प्रहार करणारा असतो, कोणी जखमा भरणारा असतो, आणि कोणी असा असतो की, तो स्वतः फारसे मारीत नाही. त्याच्या असण्याने दुसऱ्याचा प्रहार दुणावतो. मुले याला ‘सपोर्ट’ म्हणतात. मी साथीदार म्हणतो. सुमारे दर सहा आठवड्यांनी खेळाची नवी आवृत्ती निघते, तिच्यातून नवी पात्रे येतात, आणि साथीदार आला रे आला की परीक्षकांच्या याद्या बाहेर पडतात. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, टाकाऊ. ‘हिच्यावाचून तुमचे चालायचे नाही’, ‘डोळे मिटून घ्या’, ‘हाती ठेवू नका’. बाजारात आंब्याची पेटी उघडायच्या आत भाव फुटावा, तसा हा भाव फुटतो.

माझी तक्रार अशी की, हा भाव ज्या काट्यावर ठरतो तो काटाच साथीदारासाठी केलेला नाही. प्रहार करणाऱ्याला त्या काट्यावर बसवता येईल. साथीदाराला एकट्याला वजनच नसते. तो कोणाशेजारी उभा आहे, हे सांगितल्यावाचून त्याचे वजन सांगणे म्हणजे विरजण किती दही देते हे दुधाचे भांडे न पाहता सांगणे होय.

उगाच शब्दांचे बुडबुडे सोडायला नकोत, उदाहरण घेतो. ८ मे २०२४ रोजी या खेळाची २.२ ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत रॉबिन नावाची गायिका आली. ही मुलगी रणांगणावर उभी राहून गाते आणि तिच्या गाण्याने साथींना बळ चढते. माझ्या भाचीची तेव्हा दहावीनंतरची सुट्टी चालू होती. ती मोबाईल घेऊन धावत आली आणि म्हणाली, “मामा, या वर्षी वाढदिवसाला मला दुसरे काही नको. रॉबिन पाहिजे.” मी म्हटले, “का पाहिजे?” तिने यादी पुढे केली. पहिल्या वर्गात, पहिल्या ओळीत, रॉबिन. खाली तोच शेरा: डोळे मिटून घ्या.

डोळे मिटून घेण्यासारख्या गोष्टी जगात दोनच, एरंडेल आणि उटणे लावताना डोक्यावर पडणारे पाणी. तिसरी मला माहीत नाही. मी पाटी-खडू मागवला.

यादीत रॉबिनच्या नावापुढे मोठ्या अक्षरांत लिहिले होते: सर्व साथींचा प्रहार ५० टक्क्यांनी वाढवते. हे खोटे नाही. पुरेशी तयारी झालेल्या रॉबिनच्या पहिल्या गाण्याने हे घडते, आणि ते तिच्या तीन पाळ्या टिकते. पण ५० टक्के कशाचे? या खेळात प्रहारवाढीच्या टक्क्यांची आपापसांत बेरीज होते, गुणाकार होत नाही. ज्या गड्याला अशी कोणतीच वाढ मिळालेली नाही, त्याचा एक रुपयाचा दीड रुपया होतो. त्याचा लाभ खरोखर ५० टक्के. परंतु ज्याने आपल्या साजशृंगारातून आणि दुसऱ्या साथीदाराकडून आधीच १०० टक्के मिळवले आहेत, त्याच्या दोन रुपयांचे अडीच होतात. लाभ २५ टक्के. गाणे तेच, गाणारी तीच, आणि एका घरी ती दुसऱ्या घरच्या निम्मेच देऊन जाते. भाताला मीठ कमी असेल तर चिमूटभर मिठाचे मोल मोठे. खारट आमटीत तीच चिमूट घालणाऱ्याला घरची बाई काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.

दुसरे गणित तिच्या मोठ्या गाण्याचे. त्याला १६० एवढी ऊर्जा जमवावी लागते. ती जमली की रॉबिन गाऊ लागते, बाकीच्या तिघांची पाळी तत्क्षणी येते, आणि सर्वांच्या आक्रमणबळात भर पडते: रॉबिनच्या स्वतःच्या बळाच्या २२.८ टक्के, अधिक २००. आता ज्या परीक्षकाने तिला उत्तमोत्तम अलंकार चढवून तिचे बळ ४००० वर नेले आहे, त्याच्या घरी ही भर १११२ ची होते. ३००० बळाच्या गड्याला ती सुमारे ३७ टक्के झाली. पण माझ्या भाचीच्या घरात असे अलंकार कुठले? तिची रॉबिन २५०० वर आली असती तरी मी पेढे वाटले असते. २५०० वर भर होते ७७०, म्हणजे त्याच गड्याला सुमारे २६ टक्के. यादीत या दोन रॉबिनींसाठी दोन ओळी नव्हत्या. एकच ओळ होती, आणि ती श्रीमंताघरच्या रॉबिनची होती.

शिवाय ही भर आक्रमणबळात पडते. माझ्या भाचीचा लाडका गडी कोण? तर ब्लेड. हा गृहस्थ आपला प्रहार मुख्यतः आक्रमणबळावर करीतच नाही. तो स्वतःच्या प्राणशक्तीवर करतो. म्हणजे रॉबिनने जीव तोडून गावे आणि गाण्याचा हा थोरला वाटा त्याच्या कानावरून निघून जावा! पहिल्या गाण्याचे ५० टक्के त्याला मिळतील, तत्क्षणी आलेली पाळी मिळेल, हे मी नाकारीत नाही. पण जिच्यासाठी वाढदिवस गहाण टाकायचा, तिचा अर्धा गुण ज्याला लागू पडत नाही, त्याच्याच शेजारी तिला बसवायचे ठरले होते.

तिसरे गणित वेळेचे, आणि ते तर कोणी सांगतच नाही. मोठे गाणे चालू असताना रॉबिनला स्वतःची पाळी मिळत नाही. ती गातच राहते, आणि गाणे किती वेळ चालायचे हे ठरवणारे घड्याळ ९० च्या वेगाने चालते. दहा हजारांना ९० ने भागा: १११ मात्रा आणि वर थोडे. गाणे सुरू होताच साथींना एक पाळी मिळाली. त्यानंतर ज्याचा वेग १०० आहे, तो १०० मात्रांनी पुन्हा उभा राहतो. अजून गाणे चालू आहे, त्याचे काम झाले. पण ज्याचा वेग ८९ आहे, तो ११२ मात्रांनी उठतो, आणि तोवर मैफल संपून सतरंज्या गुंडाळलेल्या असतात. जेमतेम सव्वा मात्रेने गडी हुकला. आता सांगा, हा दोष रॉबिनचा की त्या गड्याचा? दोघांचाही नाही. जुळणी करणाराचा. आणि जुळणी हा शब्द यादीत कुठेच नसतो.

चौथे गणित सर्वांच्या सामाईक पिशवीचे. प्रत्येक गड्याला आपले खास कसब वापरायचे तर सामाईक पिशवीतून एक गुण खर्च करावा लागतो. साधा प्रहार केला तर एक गुण पिशवीत पडतो. पिशवीत एरवी पाचच गुण मावतात. एकत्र कुटुंबाचे हे पक्के अर्थशास्त्र आहे. इथे मात्र रॉबिनची बाजू मला घ्यावीशी वाटते. पहिले गाणे तिच्या तीन पाळ्या टिकते, आणि मोठे गाणे चालू असताना तिला पाळीच नसल्याने ती मुदत खर्चही होत नाही. म्हणजे ही मुलगी पिशवीतून क्वचित घेते. उलट ब्रोन्या नावाची जुनी, खेळाच्या आरंभापासूनची साथीदारीण एका गड्याची पाळी ताबडतोब आणते, पण त्यासाठी दर वेळी पिशवीत हात घालते. पुढे आलेल्या स्पार्कलने पिशवीच दोन गुणांनी मोठी केली. या तिघींपैकी थोर कोण? ज्याच्या घरी पिशवी नेहमी रिकामी असते त्याला विचारा, तो एक उत्तर देईल. ज्याच्या घरी ती तुडुंब असते, तो दुसरेच देईल. दोघेही खरे बोलतील.

येथवर मी हिशेब मांडला तेव्हा भाची हिरमुसली. “म्हणजे रॉबिन वाईटच?” मी म्हटले, “बाळ, वाईट कोण म्हणतो? तुझ्याकडे दुसरे कोण आहे ते तरी पाहू.” तिने आपला संसार उघडून दाखवला. कोपऱ्यात, पहिल्या पायरीवर, कधी हात न लावलेला एक गडी बसला होता: डॉक्टर रेशिओ. २०२४ च्या आरंभी खेळाने तो साऱ्या खेळाडूंना मोफत वाटला होता. फुकट मिळालेल्या वस्तूची आपल्याकडे जी दशा होते तीच त्याची झाली होती. लग्नात आलेल्या लेमन सेटसारखा तो खोक्यातच पडून होता. हा गडी आक्रमणबळावर लढतो. शत्रूवर पुरेशा व्याधी लादल्या असल्या की आपल्या पाळीत एक प्रहार केल्यावर हा लगोलग जोडीचा दुसरा प्रहार करतो. रॉबिनला तर असाच माणूस हवा असतो! साथींच्या प्रत्येक हल्ल्याबरोबर तिची ऊर्जा थोडी वाढते, ती गात असताना प्रत्येक हल्ल्यामागे तिचाही एक फटका बसतो, आणि जोडीच्या प्रहारांना तिच्या गाण्याने जास्तीची धार येते. ज्या घरात ब्लेडशेजारी तिचे अर्धे गाणे वाया जाणार होते, त्याच घरात या अडगळीतल्या डॉक्टरशेजारी तिचे सोने झाले असते.

हे माझ्या भांडणाचे मूळ. यादी म्हणाली, रॉबिन पहिल्या वर्गातली. ब्लेडशेजारी हे वाक्य फुगवलेले होते, आणि डॉक्टरशेजारी ते खरे होते. एकाच मुलीच्या एकाच मोबाईलमध्ये एक वाक्य खरे आणि फुगवलेले दोन्ही ठरत असेल, तर ते वाक्य रॉबिनविषयी काही सांगत नाही. ते फक्त विकते.

परीक्षक यावर काय म्हणतात तेही ऐकू. पहिला बचाव असा की, “आम्ही प्रत्यक्ष लढवून पाहतो.” पाहत असतील. पण कोणत्या घरच्या गड्यांनिशी? बहुधा सर्व अलंकार चढलेल्या, सर्व पात्रे हाताशी असलेल्या घरच्या, आणि शत्रू किती कमी पाळ्यांत लोळला या एकाच मापाने. शर्यतीच्या घोड्याचा नाल टांग्याच्या घोड्याला किती शोभेल, हे त्यातून कळत नाही. ज्याला एक पाळी वाचवायची आहे त्याची गरज वेगळी, आणि ज्याला कसेबसे तगून शेवट गाठायचा आहे त्याची वेगळी. काही प्रामाणिक परीक्षक आपली गृहीते तळटीपेत लिहितात, त्यांना माझा नमस्कार. पण तळटीप वाचायला कोणी थांबत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

दुसरा बचाव, “खेळातच नवे पात्र आधी चालवून पाहता येते, खात्री करून घ्या.” चालवून पाहता येते, खरे. पण त्या चाचणीत शेजारचे गडी खेळानेच निवडलेले, अलंकार त्यानेच चढवलेले, शत्रूही त्यानेच उभा केलेला. मुलगी पाहायला गेल्यावर जे कांदेपोहे पुढे येतात, ते रोज तसेच होतील अशी समजूत करून घेणाऱ्या नवऱ्या मुलाची मला नेहमी कीव येते.

तिसरा बचाव सर्वांत भारदस्त: “प्रहार करणारे जुने होतात, साथीदार होत नाही. म्हणून साथीदार केव्हाही घ्यावा.” यात तथ्य आहे, आणि तथ्य असलेले बचावच अधिक फसवतात. शत्रूंचे बळ आवृत्तीगणिक वाढत जाते, कालचा प्रहार अपुरा पडतो. साथीदार मात्र उद्या येणाऱ्या नव्या गड्यालाही वाढवू शकतो. पण कोणता साथीदार? त्याच ८ मे २०२४ च्या आवृत्तीने आणखी एक साथीदार दिला होता, आणि तो मोफत होता. कथेचा नायकच नव्या रूपात साथीला उभा राहिला होता. शत्रूची ढाल फोडल्यानंतरचा प्रहार तो साऱ्या पथकाला बहाल करतो. माझ्या घरात त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. सगळ्यांची नजर गायिकेवर. मग १९ जून २०२४ रोजी फायरफ्लाय आली, जिचा सारा भर ढाल फोडण्यावर, आणि तिच्याशेजारी हा फुकटचा नायक जवळजवळ अपरिहार्य झाला. तिथे रॉबिनच्या आक्रमणबळाला फारसे कोणी विचारीत नाही. ढाल लवकर फोडू देणाऱ्या, डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या रुआन मेईला विचारतात. साथीदार जुना होत नाही हे खरे असेल, पण त्याला साजेसा गडी घरात यायचा असतो किंवा गेलेला असतो. दोन्ही वेळी यादी त्याला एकच भाव लावते.

आणखी एक गोष्ट. या खेळातली अवघड परीक्षा दोन पथकांनी द्यावी लागते, आणि एक पात्र एकाच पथकात बसते. म्हणजे घरात एक उत्तम साथीदार आणला तरी दुसरे पथक तसेच राहते. अशा वेळी दुबळ्या पथकाला मिळालेला मध्यम साथीदार सबळ पथकातल्या उत्तमापेक्षा अधिक उपयोगी पडतो. थोरल्याला तिसरा सदरा शिवण्यापेक्षा धाकट्याला पहिला शिवावा, हे शहाणपण आपल्या आजीला कोणत्याही यादीवाचून होते.

आता पैशाचे बोलू. कारण वाढदिवसाचा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. या खेळात पात्र विकत मिळत नाही, सोडतीत निघते. एका सोडतीला १६० रत्ने पडतात. पंचतारांकित पात्र निघण्याची शक्यता दर सोडतीला ०.६ टक्के. ९० व्या सोडतीपर्यंत एक हमखास निघते, आणि ही हमी धरून सरासरी १.६ टक्के होते, म्हणजे सुमारे साडेबासष्ट सोडतींना एक. पण निघेल ते रॉबिनच असेल असे नाही. ती शक्यता अर्धी. हुकली, तर पुढचे पंचतारांकित मात्र नक्की तीच. म्हणजे सरासरीने ९४ सोडती, सुमारे १५,००० रत्ने; आणि नशीब अगदीच फिरले तर १८० सोडती, २८,८०० रत्ने. हे सारे आकडे खेळातच छापलेले आहेत किंवा छापलेल्या आकड्यांवरून निघतात. कोणी लपवलेले नाहीत. फक्त ‘डोळे मिटून घ्या’ म्हणणारा ते वाचू देत नाही.

भाचीजवळ तेव्हा ९,६०० रत्ने होती. ६० सोडती. मागची काही पुण्याई शिल्लक नव्हती, मोजणी शून्यापासून होती. मी पाटीवर हिशेब करून दाखवला: त्या ६० सोडतींत रॉबिन मिळण्याचा योग सहांत जेमतेम एकदा. पुढचा सारा खर्च वाढदिवसाच्या पैशांतून आणि नंतर बहुधा आईच्या पर्समधून. माझी बहीण दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “दादा, एवढा हिशेब तू स्वतःच्या शेअरांचा केला असतास तर!” तो विषय इथे प्रस्तुत नाही.

मुलीने त्या महिन्यात सोडत काढली नाही. तिने डॉक्टरला खोक्यातून काढून वर चढवले, फुकटच्या नायकाला तयार केले, आणि रत्ने साठवली. पुढे रॉबिनचे दार पुन्हा उघडले तेव्हा तिची वाट पाहणारा गडी घरात तयार होता आणि पुरेशी रत्नेही होती. रॉबिन आली. वाढदिवसाला तिने माझ्याकडून सायकल घेतली. मी जिंकलो असे कृपा करून समजू नका. पहिल्या दिवशी ती ५० टक्क्यांची ओळ वाचून मीही मनात म्हटले होते की, घेऊन टाकावी. बेरीज की गुणाकार, हे पाटीवर लिहीपर्यंत माझ्याही ध्यानात आले नव्हते.

यानंतरची गंमत अशी की, ४ डिसेंबर २०२४ रोजी, २.७ या आवृत्तीत, रॉबिनचा भाऊ आला. त्याचे नाव संडे. कथेत ही दोघे भावंडे. बहीण गाते ती सर्वांसाठी. हा भाऊ मदत करतो ती एकालाच, आणि त्या एकाने बाळगलेला एखादा सेवक असेल तर त्यालाही. दोघांची पाळी तो एकदम आणतो. सेवक नसलेल्या गड्याला त्याच्याकडून प्रहारात ३० टक्के वाढ. सेवक असेल तर आणखी ५०. लगोलग याद्या निघाल्या: बहीण श्रेष्ठ की भाऊ? मला सांगा, भाऊबिजेच्या दिवशी असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला पाटावरून उठवतील की नाही? चार गडी मिळून हल्ला चढवणाऱ्या घरात बहीण हवी. एकाच कर्त्या पुरुषावर चालणाऱ्या घरात भाऊ हवा. घर न पाहता दोघांना एका फळीवर वरखाली मांडणे हा परीक्षेचा आळस आहे.

आळस हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कारण साथ पारखायला श्रम पडतात, हे आपल्याला नवे नाही. उस्ताद अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला होते. एकटे वाजवायला बसले तर सभा जिंकणारा हा माणूस; पण बालगंधर्वांच्या पदामागे बसल्यावर त्यांचे मोल त्यांनी किती बोल वाजवले यावरून कोणी करील काय? तिथे प्रश्न एकच, पद कसे झाले? साथ करणाऱ्याचा हिशेब नेहमी दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. खेळातही तेच: रॉबिन गाते, आणि पडद्यावर मोठा आकडा उमटतो तो डॉक्टरच्या डोक्यावर. म्हणून ज्याला फक्त आकडे वाचता येतात, त्याला साथीदार वाचता येत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, “खेळच तो! एवढे डोके कशाला?” त्यांना माझे सांगणे असे की, मुले या याद्यांतून फक्त खेळ शिकत नाहीत. माणसाला वर्गवारीत बसवावे, त्याच्या शेजारी कोण आहे हे पाहू नये, फुकट मिळालेले ते हलके समजावे, आणि भाव फुटला की डोळे मिटून धावावे, हेही ती शिकतात. उद्या हीच मुले कचेरीत, संसारात, शाळेच्या पालकसभेत माणसांचे मोल करणार आहेत. जो माणूस स्वतः चमकत नाही पण ज्याच्यामुळे चौघांचे काम होते, त्याला ती कोणत्या ओळीत बसवतील?

म्हणून यादीवाल्यांकडे माझी एकच मागणी आहे. याद्या बंद करा, असे मी म्हणत नाही. त्या बंद होणार नाहीत, आणि मुलांना त्यातली मौज हिरावून घेण्याचा मला अधिकारही नाही. फक्त साथीदाराच्या नावापुढे वर्ग लिहिण्याच्या जागी एक शब्द लिहा: कोणाशेजारी? त्यापुढे गड्याचे नाव, त्याचा वेग, पिशवीची स्थिती आणि किती सोडती परवडतात ते लिहा. यादी लांब होईल, विक्री कमी होईल, आणि थोडी खरी होईल.

भाचीच्या वहीत आता असे एक पान आहे. परवा आणखी एक नवा साथीदार आला तेव्हा ती माझ्याकडे यादी घेऊन आली नाही, वही घेऊन आली. पानाच्या डोक्यावर तो शब्द होता, आणि खाली जागा कोरी ठेवलेली होती.